जर्मनमध्ये प्रेम कसं बोलावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जर्मन शिकवते. व्याकरणाच्या शंका वर्गात हात वर करून विचारल्या जातात. या पानावरचे प्रश्न मात्र वर्ग सुटल्यावर जिन्यात येतात, किंवा रात्री उशिरा फोनवर. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणी म्युनिकला शिकायला गेलेलं असतं, कुणाचा मुलगा जर्मन सून घरी आणणार असतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

जर्मन शब्द देवनागरीत दिले आहेत. ‘लीबं’वरचा अनुस्वार ‘केलं’, ‘गेलं’मधल्यासारखा वाचा, नाकात नेऊ नका. ‘झ’ हा ‘झाड’मधला, पण हलका.

१. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?

इश लीबं दिश. इश म्हणजे मी, लीबं म्हणजे प्रेम करतो किंवा करते, दिश म्हणजे तुला. बोलणारा पुरुष असो वा बाई, क्रियापद तेच राहतं.

मराठी माणसाच्या इथे दोन चुका ठरलेल्या. आपलं प्रेम कुणा‘वर’ असतं, म्हणून वाक्यात ‘वर’साठी एखादा शब्द घालायचा मोह होतो. इथे तो लागत नाही. दुसरी चूक ‘दिश’च्या जागी ‘दिअर’ म्हणण्याची. मराठीत दोन्हींचं ‘तुला’च होतं, पण लीबन या क्रियापदाला थेट कर्म लागतं, म्हणून दिश. ‘दिअर’च्याच जातीतला ‘मिअर’ (मला) कुठे येतो ते प्रश्न १५ मध्ये आहे. बर्लिनच्या जुन्या बोलीत ‘इक लीबं दिअर’ ऐकू येतं, कारण त्या बोलीत हा फरक उरलेला नाही. बर्लिनकराच्या तोंडी ते गोड लागतं. शिकणाऱ्याने मात्र दिशवर राहावं.

२. ‘इश’च्या शेवटी नक्की कोणता आवाज आहे? श, ख की क?

यांपैकी एकही नाही, पण मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही, फक्त दाखवावा लागतो. ‘ह्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ह्य’ गळ्यातून आवाज न काढता, नुसत्या श्वासाने म्हणा. जीभ ‘य’च्या जागी टाळूजवळ जाते आणि हवा घासत बाहेर पडते. तोच ‘इश’चा आणि ‘दिश’चा शेवट. देवनागरीत मी ‘श’ लिहिते, कारण कानाला तो सर्वांत जवळचा. ऱ्हाइनलँड, हेसन आणि सॅक्सनीत कितीतरी जर्मन लोक स्वतःच सरळ ‘श’ म्हणतात, त्यामुळे तुमचा ‘श’ राहिला तरी अर्थ बिघडत नाही.

‘आउख’ (सुद्धा) या शब्दात तीच अक्षरं घशातल्या ‘ख’सारखी होतात, कारण आधी ‘आउ’ आहे. ‘लीब’ एकटा आला की शेवटचा ‘ब’ कडक होऊन ‘लीप’ ऐकू येतो. आणि ‘झ्यूस’ (गोड) म्हणताना ओठ ‘ऊ’साठी गोल करून आतून ‘ई’ म्हणा. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात.

३. ‘इश लीबं दिश’ आणि ‘इश हाब दिश लीप’ यांत फरक काय? तो मला दुसरंच म्हणतो, पहिलं म्हणत नाही.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचाही. जर्मनमध्ये गोड शब्द पाठ करण्यापेक्षा कोणत्या वाक्याचं वजन किती हे कळणं जास्त गरजेचं आहे. ते कळलं नाही तर माणसं विनाकारण दुखावतात.

इंग्रजीतून विचार केला की ही दोन वाक्यं सारखीच वाटतात, कारण तिथे दोन्हींना एकच वाक्य आहे. मराठीतून विचार करा, फरक लगेच दिसेल. आपल्याकडे प्रेम आहे आणि माया आहे. आजीची नातवावर माया असते, बहिणीचा भावावर जीव असतो, शेजारच्या बाळाचा आपल्याला लळा लागतो. यातल्या कशालाही आपण सहसा ‘प्रेम करते’ असं म्हणत नाही. लीप हाबन म्हणजे ही माया. आई मुलाला झोपवताना ‘इश हाब दिश लीप’ म्हणते, मुलगी आजीला फोन ठेवताना म्हणते, जुन्या मैत्रिणी एकमेकींना म्हणतात. लीबन म्हणजे जोडीदाराचं प्रेम. काही आईवडील मुलांनाही ‘इश लीबं दिश’ म्हणतात, ते चुकीचं नाही. पण मित्राला, चुलतभावाला, ऑफिसमधल्या मैत्रिणीला कुणी म्हणत नाही.

आता ‘तो दुसरंच म्हणतो’ याबद्दल. प्रसंग बघा. वर्षानुवर्षं एकत्र असलेली जोडपीही फोन ठेवताना किंवा कामावर निघताना ‘हाब दिश लीप’ म्हणतात. तिथे ते वाक्य उबदार आहे, घरातलं आहे, त्यातून प्रेम कमी झाल्याचा अर्थ काढू नका. माझी एक विद्यार्थिनी होणाऱ्या नवऱ्याचा असा निरोप वाचून दोन दिवस बोलली नव्हती. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की झालं काय. पण तुम्ही पहिल्यांदा ‘इश लीबं दिश’ म्हणालात आणि समोरून ‘इश हाब दिश आउख लीप’ असं उत्तर आलं, तर तो माणूस काळजीपूर्वक सांगतो आहे की अजून तिथवर पोचलेलो नाही. तेही प्रामाणिक उत्तर आहे.

निरोपात ‘हा-डे-एल’ अशी तीन अक्षरं दिसली तर ते याच वाक्याचं लघुरूप. ‘हा-डे-गे-डे-एल’ असेल तर मध्ये ‘गान्स डोल’, म्हणजे ‘खूप खूप’, वाढलेलं आहे. एसएमएसच्या काळात शाळकरी मुलं हे फार लिहायची.

४. ओळख नवीन आहे. थेट ‘इश लीबं दिश’ म्हटलं तर फार लवकर होईल का?

हो, होईल. त्याआधीच्या पायऱ्या भाषेनेच करून ठेवल्या आहेत. ‘इश माक दिश’ म्हणजे तू मला आवडतोस, माणूस म्हणून. हे मित्रालाही म्हणता येतं, आणि हळू आवाजात, डोळ्यांत बघून म्हटलं तर त्यापलीकडचंही कळतं. ‘इश बिन इन दिश फेरलीप्ट’ म्हणजे मी तुझ्या प्रेमात पडले आहे. हे प्रेमाच्या सुरुवातीचं, पोटात कालवाकालव होते त्या दिवसांचं वाक्य. शाळा-कॉलेजातली मुलं ‘फेरक्नाल्ट’ म्हणतात. त्याला हलकेपणा आहे, पण भावना खोटी नसते.

‘इश श्टे आउफ दिश’ हे वाक्य आपल्या लोकांना ऐकायला विचित्र वाटतं, कारण शब्दशः ते ‘मी तुझ्यावर उभा आहे’ असं होतं. पहिल्या प्रश्नात जो ‘वर’ सापडला नव्हता तो इथे मिळाला. अर्थ आहे, तू मला भलतीच आवडतेस, ओढ वाटते. बोलीतलं आहे, पत्रात शोभत नाही.

किती दिवसांनी कोणतं वाक्य, याचा नियम नाही. एवढं खरं की जर्मन माणूस पहिलं ‘इश लीबं दिश’ बराच विचार करून म्हणतो आणि ऐकणाराही ते तितकंच गंभीरपणे घेतो.

५. समोरच्याने ‘इश लीबं दिश’ म्हटलं तर ‘मी पण’ कसं म्हणायचं?

‘इश दिश आउख.’ म्हणजे मीही तुला. मधला दिश गाळून नुसतं ‘इश आउख’ म्हटलं तर समजतं, पण अर्धवट लागतं, कारण त्यात ‘तुला’ कुठेच नाही.

६. ‘शात्स’ मुलाला म्हणायचं की मुलीला?

दोघांनाही. शात्स म्हणजे खजिना, ठेवा. आपलं ‘सोन्या’ आणि ‘सोनू’ ज्या घरातले, त्याच घरातला हा शब्द. जर्मनीत सर्वांत जास्त कानावर पडणारं लाडाचं नाव हेच. शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून बायकोलाही ‘माइन शात्स’च. लिंग शब्दाचं बघायचं, माणसाचं नाही. माउस (उंदीर) स्त्रीलिंगी, म्हणून ‘माइनं माउस’. हेर्त्स (हृदय) नपुंसकलिंगी, तिथे ‘माइन हेर्त्स’. ‘लीपलिंग’ म्हणजे लाडका किंवा लाडकी, पण शब्द पुल्लिंगीच. हाच लीपलिंग दुसऱ्या शब्दांना जोडून आवडीचं जेवण, आवडीचा रंग असे शब्दही होतात. ‘झ्यूसर’ मुलाला, ‘झ्यूसं’ मुलीला. इथे मात्र माणूस बघून शेवट बदलतो.

७. जर्मन लोक एकमेकांना उंदीर, ससा, गोगलगाय का म्हणतात? मला माझ्या मैत्रिणीने अस्वल म्हटलं!

तिला तुम्ही मोठे, मऊ आणि भरवशाचे वाटता. बेअर म्हणजे अस्वल, बेअरशन म्हणजे छोटं अस्वल. हे नाव सहसा पुरुषाला मिळतं. माउस आणि मॉइसशन (उंदरू) बहुधा बायकोला, मैत्रिणीला किंवा लहान मुलीला. हाझं किंवा हाझी (ससा) कुणालाही. श्पात्स म्हणजे चिमणी, मुलांना आणि जोडीदाराला.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. लेकीला चिमणी आणि मनीमाऊ म्हणणारे आपण, नातवाला ससुल्या आणि कोकरू म्हणणारे आपण, आणि ‘पिल्लू’ तर हल्ली कॉलेजातल्या प्रत्येक जोडप्यात आहे. लहान, मऊ, हातात मावणारं जे काही, त्याचं नाव लाडक्या माणसाला द्यायचं ही ओढ दोन्हीकडे सारखी. फरक प्राण्यांच्या निवडीत आहे. आपला उंदीर धान्य खातो आणि कपडे कुरतडतो, त्यामुळे बायकोला उंदीर म्हणायला जीभ रेटत नाही. जर्मन कानाला माउसमध्ये फक्त इवलेपणा ऐकू येतो.

मराठीतून नेऊ नये अशी एक गोष्ट मी बजावून सांगते. आपल्याकडे ‘गरीब गाय’ म्हणजे सोशिक, मायाळू बाई. जर्मनमध्ये बाईला कू, म्हणजे गाय, म्हणणं ही शिवी आहे. बदक-हंसांच्या जातीतली गान्स आणि बकरी म्हणजे त्सीगं, यांचीही तीच गत. श्नेकं (गोगलगाय) कडेवरची आहे. घरात, प्रेमाने म्हटलं तर गोड. रस्त्यावरच्या अनोळखी मुलीबद्दल म्हटलं तर छचोर.

याशिवाय प्रत्येक घरात कुठल्याच शब्दकोशात नसलेली नावं असतात. श्नुकी, माउझंबेअर (उंदीर आणि अस्वल एकत्र), श्नुफल. अर्थ विचारू नका, नाद ऐका. लाडाच्या नावाला जर्मनमध्ये कोझेनामं म्हणतात आणि कोझन म्हणजे कुरवाळणं. नावाने कुरवाळायचं, यापेक्षा जास्त समजावून सांगता येईल असं मला वाटत नाही.

८. शात्सी, शेत्सशन, शेत्सलं, शेत्सली हे सगळं एकच का?

मूळ एकच, शेपट्या वेगळ्या. ‘शन’ आणि ‘लाइन’ प्रमाण जर्मनमध्ये. ‘लं’ श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास. ‘ली’ स्वित्झर्लंडमध्ये. ‘अर्ल’ बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात, जिथे शात्सर्ल म्हणतात आणि पाप्याला बुसर्ल. नुसता ‘ई’ सगळीकडे चालतो. आपल्याकडे बाळाचं बाळू आणि बाळ्या होतं तसंच. श्वाबियातला श्पेत्स्लं हा शेवयांसारखा पदार्थही नावाने छोट्या चिमण्याच.

व्याकरण एवढं लक्षात ठेवा. ‘शन’ किंवा ‘लाइन’ लागलं की शब्द नपुंसकलिंगी होतो आणि बहुतेक वेळा आतला स्वर बदलतो, माउसचं मॉइसशन, हाझंचं हेसशन. मुलगी या अर्थाचा मेटशन शब्द नपुंसकलिंगी का, याचंही उत्तर हेच. ‘ते मूल’, ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात अडायला नको.

९. मी म्युनिकला आहे. इथे ‘इ मोग दि’ ऐकू येतं. ते ‘आवडतेस’ आहे की ‘प्रेम’?

प्रेम. प्रमाण जर्मनमधला ‘माक’ हा चौथ्या प्रश्नातल्या पायरीवर थांबतो, पण बव्हेरियन बोलीतला ‘मोग’ वरपर्यंत जातो. त्या बोलीत ‘इश लीबं दिश’ पुस्तकी वाटतं. ऑक्टोबरफेस्ट या म्युनिकच्या जत्रेत गळ्यात घालायची मसालेदार बिस्किटाची हृदयं मिळतात, लेपकूखनहेर्त्स. त्यांवर साखरेच्या अक्षरांत बहुधा हेच लिहिलेलं असतं. कुणी ते तुमच्या गळ्यात घातलं तर उत्तर तयार ठेवा.

स्वित्झर्लंडमध्ये ‘इ हा दि गेर्न’ हे वाक्य प्रेमिकही म्हणतात. हाम्बुर्गकडच्या जुन्या प्लाटडॉइच बोलीत ‘इक हेफ दि लेफ’.

१०. ती मला सगळ्यांसमोर ‘माइन फ्रॉइन्ट’ म्हणाली. म्हणजे मित्र की बॉयफ्रेंड?

बॉयफ्रेंड. फ्रॉइन्ट म्हणजे मित्र, पण मागे ‘माइन’ लागलं आणि पुढे काही नसलं तर ऐकणारा जोडीदार समजतो. नुसता मित्र असेल तर ‘आइन फ्रॉइन्ट फॉन मिअर’, म्हणजे माझ्या मित्रांपैकी एक. जवळचा असेल तर ‘माइन बेस्टर फ्रॉइन्ट’, आणि ‘बेस्टर’ शब्दाने संशय मिटतो.

‘फ्रॉइन्डिन’चंही तेच, फक्त एक बाई दुसरीबद्दल ‘माइनं फ्रॉइन्डिन’ म्हणाली तर बहुतेकदा मैत्रीणच असते. संदर्भ बघावा लागतो.

यात आपल्या मुलांची फार फजिती होते. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीची ओळख ‘माइनं फ्रॉइन्डिन’ अशी करून देतात आणि ती मुलगी गोरीमोरी होते. तिच्यासाठी ‘आइनं कोमिलिटोनिन’ (सहाध्यायी) म्हणा. ऑफिसमधला असेल तर ‘कोलेगं’. नुसती तोंडओळख असलेल्याला जर्मन लोक फ्रॉइन्ट म्हणतच नाहीत. त्याला ‘बेकान्टर’, परिचित. फ्रॉइन्ट हा शब्द ते जपून वापरतात, आणि म्हणूनच एखाद्या जर्मन माणसाने तुम्हाला फ्रॉइन्ट म्हटलं तर तो मोठा मान समजा.

लग्न झाल्यावर शब्द सोपे होतात. ‘माइन मान’ म्हणजे नवरा, ‘माइनं फ्राउ’ म्हणजे बायको. शब्दशः माझा पुरुष, माझी बाई.

११. ‘प्रेयसी’साठी कोशात ‘गेलीप्टं’ सापडलं. वापरू का?

नको. कोशाचा अर्थ बरोबर आहे, पण आजच्या बोलण्यात ‘माइनं गेलीप्टं’ म्हणजे लग्नाबाहेरची बाई. पुरुषासाठी ‘लीपहाबर’चीही छटा तशीच, शिवाय कशाचा तरी शौकीन असाही त्याचा अर्थ होतो. प्रेयसीला सरळ फ्रॉइन्डिन म्हणा (प्रश्न १०). साखरपुडा झाला असेल तर ‘फेरलोप्टं’, मुलगा असेल तर ‘फेरलोप्टर’.

१२. नवऱ्याला मी ‘अहो’ म्हणते. जर्मनमध्ये त्याला ‘झी’ म्हणू का? आणि सासूबाईंना?

नवऱ्याला डू, म्हणजे तू. ‘झी’ हा आपल्या ‘आपण’, ‘तुम्ही’सारखा आदराचा शब्द खरा, पण तो अंतरही दाखवतो. नवऱ्याला झी म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की दोघं अनोळखी आहेत किंवा भांडले आहेत. ‘अहो’मध्ये आदर आणि जवळीक दोन्ही एका वेळी मावतात. तसा शब्द जर्मनमध्ये नाही आणि मला त्याची उणीव जाणवते. जर्मन माणूस आईवडिलांना, आजी-आजोबांना, देवालाही डूच म्हणतो. एक साम्य मात्र सांगते. जुन्या पिढीतले जर्मन नवरे मुलं झाल्यावर बायकोला ‘मुटी’, म्हणजे आई, म्हणायचे आणि बायका नवऱ्याला ‘फाटी’. आपल्याकडच्या ‘बंड्याच्या बाबांना’ हे ऐकून परकं वाटणार नाही.

जर्मन सासूबाईंना सुरुवातीला झी आणि ‘फ्राउ’ अमुकअमुक, आडनावाने. डू म्हणण्याची मोकळीक वयाने मोठ्या माणसाने द्यायची असते. तरुण सासू-सासरे पहिल्याच भेटीत देतात, काही वर्षभर देत नाहीत. एकदा दिली की सासूला तिच्या पहिल्या नावाने हाक मारायची असते. मराठी सुनांना हे जड जातं, जीभ अडखळते. तरी करा. तुम्ही पुन्हा झीकडे वळलात तर त्यांना वाटेल तुम्ही पुढे केलेला हात नाकारला.

१३. माझ्या मॅनेजरने ईमेलची सुरुवात ‘लीबं’ आणि माझं नाव अशी केली आहे. घाबरायचं का?

मुळीच नाही. पत्राच्या सुरुवातीला ‘लीबं’ (बाईला) किंवा ‘लीबर’ (पुरुषाला) म्हणजे आपलं ‘प्रिय’. ‘झेअर गेएर्तं’ (माननीय) पेक्षा थोडं मोकळं, एवढाच फरक. शेवटचं ‘लीबं ग्र्यूसं’ हेही स्नेहाचा नमस्कार आहे. त्यात मनातलं काही नाही. उलट तुम्ही खरंच प्रेमपत्र लिहीत असाल तर डू शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहू शकता. पत्रात लहान आणि मोठं दोन्ही चालतं, २००६ पासून नियमही तसं सांगतो. मला मोठंच आवडतं.

१४. मुलांना काय म्हणतात?

श्पात्स, मॉइसशन, शात्स, एंगल (देवदूत), क्र्यूमल (पावाचा कण), त्स्वेर्क (बुटका). आजीला ओमी, आजोबांना ओपी. ‘झाई लीप’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘शहाण्यासारखा वाग’. तिथला लीप प्रेमाचा नाही, गुणी असण्याचा आहे. ‘दास इस्ट लीप फॉन दिअर’ म्हणजे किती चांगलं केलंस हे.

१५. ‘तुझी आठवण येते’ आणि ‘तू मला आवडतेस’ यांत दिश की मिअर?

इथे मराठी माणसाला घरचा फायदा आहे. आपण म्हणतो ‘तू मला आवडतेस’. आवडणारी व्यक्ती कर्ता, आणि मी ‘मला’मध्ये. जर्मनमध्ये हुबेहूब तेच, ‘डू गेफेल्स्ट मिअर’. मिअर म्हणजे मला. आठवणीसाठी दोन वाक्यं आहेत. ‘इश फेरमिसं दिश’ सरळ आहे. ‘डू फेल्स्ट मिअर’ मला जास्त जवळचं वाटतं, कारण फेलन म्हणजे कमी असणं, उणं असणं. तुझी उणीव भासते, असंच ते आहे.

हाच ‘मला’ एका मोठ्या घोटाळ्यापासून वाचवतो. मला गरम होतंय हे ‘मिअर इस्ट हाइस’. इंग्रजीच्या सवयीने ‘इश बिन हाइस’ म्हणालात तर त्याचा अर्थ कामातुर असा होतो. मराठीतून वाक्य बांधा, चूक होणार नाही.

१६. कोणते शब्द टाळावेत?

‘लीपशन’ परदेशी लोकांना फार आवडतो, पण आज तो जुनाट वाटतो. ‘शेत्सशन’ घरात गोड आहे, वादात किंवा ऑफिसात तुच्छ. ‘फ्रॉइलाइन’ तर लग्न न झालेल्या बाईसाठी सरकारी भाषेतून १९७०च्या दशकातच गेला, हाक म्हणून वापरू नका. ‘इश विल दिश’ (मला तू हवी आहेस) याची छटा शारीरिक आहे, तुमचा तो अर्थ नसेल तर जपून.

‘गेर्न हाबन’चं प्रकरण वेगळं. ‘इश हाब दिश गेर्न’ म्हणजे तू मला आवडतोस, अगदी साधं आणि छान. पण ‘डू कान्स्ट मिश माल गेर्नहाबन’ म्हणजे ‘गेलास उडत’. शब्द तेच, मध्ये ‘कान्स्ट’ आणि ‘माल’ आले की अर्थ उलटा. ‘माइन लीबर फ्रॉइन्ट!’ असं कडक आवाजात आलं तर तीही समज आहे, माया नाही.

१७. लग्नाची मागणी कशी घालतात?

‘विल्स्ट डू मिश हाइरातन?’ म्हणजे माझ्याशी लग्न करशील का? उत्तर ‘या’, म्हणजे हो. साखरपुड्याची अंगठी जर्मनीत परंपरेने डाव्या हातात आणि लग्नाची उजव्या, त्यामुळे उजवा हात बघितल्याशिवाय कुणाला अविवाहित समजू नका. कायद्याने लग्न लागतं ते श्टान्डेसआम्ट या नोंदणी कार्यालयात. १८७६ पासून संपूर्ण जर्मनीत तोच नियम आहे. चर्चमधलं असो वा सप्तपदीचं, तिथे केलेल्या धार्मिक विधीने एकट्याने विवाह वैध होत नाही. १ ऑक्टोबर २०१७ पासून समलिंगी जोडप्यांनाही तिथे लग्न करता येतं, आणि ‘माइन मान’, ‘माइनं फ्राउ’ हे शब्द त्यांनाही तसेच लागू.

१८. जोडीदाराच्या व्हिसासाठी ए-वन परीक्षा द्यायची आहे. हे सगळं त्यात येतं का?

नाही. २००७ पासून जोडीदाराच्या व्हिसासाठी साधारणपणे ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं, जर्मन लागतं, म्हणून पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात नवविवाहित मुली आणि मुलगे दिसतात. युरोपीय ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला यातून सूट आहे. परीक्षेत स्वतःची ओळख, वेळ, खरेदी, अर्ज भरणं असतं. पण तिथे पोचल्यावर पहिल्या रात्री कामी येणारी वाक्यं या पानावर आहेत, म्हणून दोन्ही करा.

१९. जर्मन माणसं प्रेम बोलून दाखवतच नाहीत, हे खरं का?

कमी बोलतात, आणि बोललं की पाळतात, असा माझा अनुभव आहे. पण करून दाखवण्याच्या त्यांच्या रीती फार सुंदर आहेत. ऱ्हाइनलँडमध्ये ३० एप्रिलच्या रात्री मुलगा बर्च झाड रंगीत क्रेप कागदाच्या पट्ट्यांनी सजवून मुलीच्या घरासमोर उभं करतो. त्याला माइबाउम म्हणतात. सकाळी अख्ख्या गल्लीला कळतं. लीप वर्षात हे काम मुली करतात. कोलोनच्या होहेनत्सोलर्न पुलावर २००८ पासून जोडपी नावं कोरलेली कुलपं अडकवतात. कुलपाला जर्मन शब्द श्लॉस, आणि राजवाड्यालाही श्लॉसच.

उत्तरेत ऑइटीन गावाजवळच्या जंगलात एका जुन्या ओकला १९२७ मध्ये स्वतंत्र टपाल-पत्ता मिळाला. जोडीदार शोधणारे लोक झाडाच्या नावाने पत्र पाठवायचे, पोस्टमन शिडी चढून ढोलीत ठेवायचा, आणि ज्याला वाटेल त्याने ते उघडून उत्तर लिहायचं. ज्या देशात टपाल खातं हे करतं तिथल्या लोकांना रुक्ष म्हणवत नाही.

२०. नवरा जर्मन आहे. त्याला मराठी लाडाची नावं चालतील का?

चालतील, आणि जरूर वापरा. माणूस आपल्या भाषेत लाड करतो तेव्हाच ते खरे लागतात. उच्चाराच्या थोड्या गोष्टी आधी सांगून ठेवा. ‘ळ’ त्याला जमणार नाही, बाळाचं ‘बाला’ होईल. ‘पिल्लू’ सहज जमतं. ‘सोन्या’ची अडचण अशी की जर्मनमध्ये ‘झोन्या’ हे बायकांचं नेहमीचं नाव आहे. सासरच्या मंडळींसमोर नवऱ्याला सोन्या म्हटलंत तर ती एकमेकांकडे बघतील. तेव्हा सोन्याचा अर्थ सांगा, म्हणजे ती लगेच ‘आख, शात्स!’ म्हणतील.

आणि निरोपात त्याला रोमन लिपीत ‘राजा’ लिहिलंत, तर त्यातला ‘ज’ तो जर्मन सवयीने ‘य’ वाचेल आणि मोठ्याने म्हणेल, ‘राया’. तिथे त्याला सुधारू नका.